नंबर नऊचं पुस्तक

मी बी.ए. आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. माझ्याआधी आमच्या घरातून शाळेत सर्वांत लांबपर्यंत गेलेला माणूस म्हणजे माझा धाकटा काका. तो तिसरीपर्यंत गेला, आणि तेही शाळा चर्चच्या वाटेवर होती म्हणून. आता मी एव्हरशाईन सिटीत चौथ्या मजल्यावर राहते. आमच्याच मजल्यावर एक तरुण आई आहे, तिची मुलगी साडेतीन वर्षांची. परवा लिफ्टमध्ये तिने मला विचारलं, "आँटी, मराठीचं ग्रामर घरी कसं शिकवायचं? मोबाईलवर अ‍ॅप आहे, पण ही त्यात नुसती फुगे फोडते." मी म्हटलं, "चित्रांचं पुस्तक आण." "कुठलं?" "कुठलंही." "आणि मग?" तेवढ्यात लिफ्ट थांबली. मी म्हटलं, "मग बघू." कारण पुढचं सांगायला चार मजले पुरत नाहीत.

आमचं घर पाचूबंदरला, पाण्याच्या इतकं जवळ की बा दारात उभा राहून तोंड धुवायचा आणि चूळ भरतीत टाकायचा. बा म्हणजे माझे वडील. त्याची स्वतःची होडी होती आणि होडीवर तो तांडेल, म्हणजे तिथे तो म्हणेल तसं व्हायचं. पाण्यावर त्याला कोणी उलट बोलत नसे. जमिनीवर आय होती. आय डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वसईतल्या फ्लॅटवाल्यांकडे जायची. तिचा आवाज खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा आणि गिऱ्हाईक घेऊनच खाली यायचा. घरासमोर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या होत्या, त्यांवर बोंबील वाळायचे. बोंबील एकटा दोरीवर टाकत नाहीत. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर सोडायची. ओले असताना ते गप्प लोंबतात. वाळले की वाऱ्यावर एकमेकांना लागून खडखड वाजतात, आणि त्या आवाजावरून आय आतूनच सांगायची, की तिसरी दोरी झाली, काढा. तो आवाज, चर्चची घंटा आणि आयचं बोलणं, या तिघांच्या मधे मला आठवीपर्यंतचा अभ्यास करता आला. लोकांना आमच्या घरात वास यायचा म्हणे. मला तो फक्त शाळेतून परत आल्यावर पाच मिनिटं यायचा. मग भाकरी आणि कैरी घातलेलं बोंबलाचं कालवण समोर आलं की वास कोणाला आठवतो?

मला धाकटी भावंडं दोन, जुळी. पास्कू आणि फिलू. पास्कू न विचारता बोलायचा. फिलू विचारल्यावरही विचार करायची. दोघं पाच वर्षं पुरी करून सहाव्यात आली, तेव्हा आय त्यांना गावातल्या शाळेत घेऊन गेली. मीही त्याच शाळेत होते. तिथे पहिलीला घेण्याआधी मोठ्या बाई मुलांशी थोडं बोलत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या उंच होत्या, आणि खुर्चीत बसल्यावरही उंची कमी होत नसे. त्यांनी भिंतीवरचं एक चित्र दाखवलं. त्यात विहिरीवर एक बाई होती.

"ही बाई काय करते?"

"पानी भरतंय," पास्कू म्हणाला. "पन दोरी बारीक हाय. तुटंल."

फिलू नुसती दोरीकडे बघत होती.

मोठ्या बाई आयला म्हणाल्या, "मुलं हुशार आहेत. पण शुद्ध बोलता यायला हवं, नाहीतर वर्गात मागे पडतील. जूनमध्ये पुन्हा घेऊन या. तेव्हाही असंच असेल, तर पुढच्या वर्षी बघू."

आय घरी आली, पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "पानी भरतंय त पानी भरतंयच ना? आनि काय कराचं त्या बाईनं?"

बा आधी रात्रीचं जेवला. मग हात धुऊन तो माझ्याकडे वळला. तोपर्यंत असं ठरलं होतं, की जूनपासून जुळी शाळेत जातील, आय बाजारात जाईल आणि मी नववीत जाईन. आता जुळी घरात राहिली तर त्यांना सांभाळायला कोणीतरी हवं होतं. बाला लांबण लावायची सवय नव्हती. तो म्हणाला, "पोरं शालेत गेली त तू शालेत. पोरं घरात त तू घरात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उद्या भरती किती वाजता आहे, हे तो ज्या आवाजात सांगायचा, त्याच आवाजात त्याने हे सांगितलं.

मला वाईट वाटलं का, असं मला माझ्या सुनेने विचारलं होतं. वाईट वाटायला वेळ नव्हता. एप्रिल संपत आला होता.

आयच्या गिऱ्हाइकांत तिसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी होत्या. साताऱ्याकडच्या, नवरा मुंबईला नोकरीला. सुट्टीत मी आयबरोबर पाटीला हात लावायला जायचे, तेव्हा त्या माझ्याशी शाळेचं बोलायच्या. मी त्यांना जुळ्यांचं सांगितलं. त्या आत गेल्या आणि तीन पुस्तकं घेऊन आल्या. त्यांचा मुलगा मोठा झाला होता, त्याला आता ती लागत नव्हती. पातळ पुस्तकं, प्रत्येक पानावर मोठं चित्र आणि खाली एक-दोन ओळी. एकात हत्तीचा वाढदिवस होता. दुसऱ्यात सोनू नावाची मुलगी बाजारात जात होती. तिसऱ्यात एक कुंभार माठ घडवत होता.

"त्यांना वाचायला लावू नकोस," वहिनी म्हणाल्या. "चित्र दाखव आणि विचार. कोण आहे? काय करतो? काय खातो? कसा आहे? चारही उत्तरं जोडून एक वाक्य करायला लाव. मी माझ्या मुलाला असंच शिकवलं. व्याकरण म्हणजे काही भूत नाही."

खाली वाकलेली आय म्हणाली, "वयनी, पापलेट घेता का माझ्या पोरीची शिकवनी घेता?"

वहिनींनी पापलेट घेतलं.

पहिले दोन दिवस मी शाळेतल्या बाईंसारखी बसले आणि जुळी समुद्राकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी मी आयच्या रिकाम्या पाट्या मांडल्या. आमच्याकडे होडी आली की मासळी जमिनीवर ओतायची आणि निवडायची. बोंबील एकीकडे, कोळंबी एकीकडे, मांदेली एकीकडे. हे काम जुळ्यांना चालता यायला लागल्यापासून येत होतं. मी म्हटलं, चित्रातून शब्द निवडायचे. 'कोण' या पाटीत, 'काय करतो' त्या पाटीत, 'कसा' तिसरीत. शब्द पाटीत टाकता येत नाही म्हणून त्याच्या जागी सुक्या जवळ्याची एक चिमूट टाकायची. तिन्ही पाट्यांत चिमूट पडली, की वाक्य झालं. वाक्य बरोबर असेल तर ज्याने केलं त्याने तो जवळा खायचा.

पद्धत चांगली होती. पहिल्या आठवड्यात पास्कूने इतकी वाक्यं केली की त्याचं पोट बिघडलं.

दुपारी दारात आम्ही तिघं बसायचो. मी पान उलटायचे.

"कोण?"

"हत्ती."

"काय करतो?"

"खातंय."

"खातो."

"खातो. लारू खातो."

"लाडू. कसा लाडू?"

"त्याचा लाडू," फिलू सावकाश म्हणायची. "त्याच्या आयनी केलेला."

आय मागे मासळी निवडत हे ऐकायची. एकदा ती म्हणाली, "खातो नि खातंय. लारू त गेलाच ना पोटात?"

मला तेव्हा हसू आलं होतं. मुलांनी मात्र काही दिवसांनी आयलाच दुरुस्त करायला सुरुवात केली. ती म्हणाली, "पानी आन." पास्कू म्हणाला, "पाणी. पाणी आण." ती म्हणाली, "कय गेली फिलू?" तो म्हणाला, "कुठे." आयने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने दारात उभं राहून मला बोलावलं आणि जुळ्यांसमोर विचारलं, "रेजू, मी घरात बोलू का नको? सांग. नको त मी बाजारातच बोलीन, तिकरं कोन मना शिकवत नाय." रात्री मी जुळ्यांना बजावलं, की शुद्ध बोलणं हे शाळेच्या कपड्यांसारखं आहे, शाळेत घालायचं, घरी काढून ठेवायचं. त्यांना पटलं. पण आय पुढचे बरेच दिवस त्यांच्याशी फक्त हाताने बोलायची: ये, जा, जेव, गप. मी बी.ए. ला मराठी घेतलं होतं. भाषेवर बरंच काही वाचलं. त्या दोन दिवसांबद्दल आयला काय म्हणायचं, ते कुठे सापडलं नाही. आय गेली तरी अजून सापडलेलं नाही.

मे महिन्यात पुनवेला मोठं उधाण आलं. आमच्याकडे उधाणाचं पाणी घरात येणं ही काही बातमी नाही. पाणी येतं, खाटेखालून फिरतं, चपला घेऊन परत जातं. पण पुस्तकं मी खाटेखालच्या खोक्यात ठेवली होती आणि त्या दिवशी आयबरोबर बाजारात गेले होते. होडी दुरुस्तीला वर ओढलेली, म्हणून बा घरी होता. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा दुसऱ्या दोरीवर बोंबील नव्हते. दुसऱ्या दोरीवर माझी पुस्तकं होती.

बाच्या मते ओली वस्तू अख्खी ठेवली की कुजते. म्हणून त्याने पुस्तकांच्या टाचण्या काढल्या, प्रत्येक कागद मधल्या घडीवर उभा चिरला, आणि दोन-दोन कागद एका टोकाला दोऱ्याने अडकवून, बोंबलासारखी जोडी करून दोरीवर टाकले. हत्ती कुंभाराबरोबर लोंबत होता. सोनू हत्तीच्या शेपटीबरोबर लोंबत होती. जुळी खाली उभी राहून कावळे हाकलत होती, कारण कावळ्यांनाही ते बोंबीलच वाटले होते.

"सगली वाचवली," बा म्हणाला. "एक पन कुजनार नाय."

मी म्हटलं ठीक आहे. खाली ओळी छापलेल्या आहेत, वाळल्यावर वाचून लावू. आज शनिवार, उद्या चर्चमधल्या मिसाहून आले की लावते.

रविवारी मी आणि आय मोठ्या मिसाला गेलो. बा पहाटेच्या मिसाला जाऊन आला होता. आम्ही परत आलो तेव्हा तो दारात बसून जाळं विणायच्या सुईने काहीतरी शिवत होता. रविवारी आमच्याकडे जाळ्याला हात लावत नाहीत.

आय म्हणाली, "आयतवारी सुई? फादरना सांगू का?"

"हा जालं हाय का?" बा म्हणाला. "हा पुस्तक हाय."

ते पुस्तक होतं हे खरं. तिन्ही पुस्तकांचं मिळून एक जाड पुस्तक झालं होतं. पाठीला जुन्या ताडपत्रीचा तुकडा, शिवण जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याची, आणि दर दोन बोटांवर गाठ. बाची गाठ समुद्रात सुटत नाही, ती माझ्या नखांनी काय सुटणार? मी पान उघडलं. खालच्या ओळी नव्हत्या. खाऱ्या पाण्याने खालच्या कडा फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. मासा साफ करताना जसे पर कापून टाकतात, तशा त्याने त्या कात्रीने कापून टाकल्या होत्या. सगळ्या पानांच्या, एका रेषेत. त्या कडांबरोबर सगळी अक्षरं गेली. कापलेल्या पट्ट्या त्याने चुलीत घातल्या होत्या.

मी रडले. एवढं लिहून पुढे जाते.

बाला समजेना. त्याने पुस्तक हातात घेतलं, पुढून मागून बघितलं. "चित्रं हायत ना सगली? एक पन टाकला नाय."

"अक्षरं कुठे आहेत, बा?"

"तुला अक्षरं येतात," तो म्हणाला. "त्यांना कय येतात? त्यांना चित्रंच बगायचीत ना?"

वहिनीही तेच म्हणाल्या होत्या.

"आणि पानांचा क्रम? कुठलं पान आधी, कुठलं नंतर, हे कसं लावलंस?"

"जसा अस्ते तसा लावला. पैला निगाचं. मंग कमवाचं. मंग इकाचं. मंग खावाचं. मंग निजाचं." हे सांगताना तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की आठवी पास झालेल्या मुलीला एवढंही कळू नये.

मग त्याने एका बाजूला पास्कूला आणि दुसऱ्या बाजूला फिलूला बसवलं, आणि माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. सोनू घरातून निघाली. हत्ती जंगलातून निघाला. कुंभार खोपटातून निघाला. तिघं वाटेत भेटले. हत्तीने सोंडेने माती उपसली, कुंभाराने माठ घडवले, सोनूने ते बाजारात नेऊन विकले आणि भाव पाडून दिला नाही. मग केक, लाडू आणि भाजी आली, तिघं पोटभर जेवले आणि झोपले. जिथे चित्रात नुसता रस्ता होता, तिथे बाने भरती-ओहोटी घातली. जुळ्यांचे डोळे पानावरून हलत नव्हते. मी त्यांना एवढे दिवस तीन गोष्टी शिकवत होते आणि त्यांना एकही आवडली नव्हती, हे मला त्या रविवारी कळलं. मराठी घेऊन बी.ए. करताना मला बरीच पुस्तकं वाचावी लागली. शेवटी सगळ्यांना जेवायला मिळतं असं पुस्तक त्यांत क्वचितच होतं.

तिसऱ्या की चौथ्या पानावर बा म्हणाला, "मंग हत्ती आयला."

"आला," पास्कू म्हणाला.

होडीवर बाला असं कोणी म्हटलं असतं, तर म्हणणारा पोहत घरी आला असता. बाने पास्कूकडे बघितलं. मग पानाकडे बघितलं.

"आला," तो म्हणाला. "मंग?"

"मग," फिलू म्हणाली.

"मग," बा म्हणाला.

होडी आता ऑगस्टपर्यंत वरच होती. रोज दुपारी बा जाळं बाजूला ठेवायचा आणि पुस्तक घ्यायचा. मी समोर पाट्या आणि जवळा घेऊन बसायचे. खाली अक्षरं नव्हती, त्यामुळे वाक्य कोणीतरी करायलाच लागायचं. कधी पास्कू करायचा, कधी फिलू, आणि दोघं अडली की बा करायचा आणि दोघं मिळून त्याचं सुधारायची. बरोबर आलं की त्यालाही चिमूटभर जवळा मिळायचा. तो खायचाही. आय आतून म्हणायची, "चालला. घोव पन शालेत चालला." पण तिसऱ्या आठवड्यात तीही निवडायची मासळी घेऊन दारात येऊन बसली, आणि सोनू बाजारात माठ विकते त्या पानावर तिने बाला थांबवलं. "असा नाय इकत. आदी दुप्पट सांगाचा." तेव्हापासून सोनू आधी दुप्पट सांगते. त्या वाक्याला कोणी दुरुस्त केलं नाही.

जूनमध्ये आम्ही सगळे शाळेत गेलो. बाने रविवारचा शर्ट घातला होता. आयने बाजार बुडवला, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मोठ्या बाईंनी जुळ्यांना आत बोलावलं आणि मला दारात उभं राहू दिलं, कारण मी त्यांच्या शाळेतली. आय आणि बा बाहेर बाकावर. मोठ्या बाईंनी खण उघडून एक पुस्तक काढलं. हत्तीच्या वाढदिवसाचं. नवंकोरं, अक्षरांसकट. मला वाटलं, देव पावला.

त्यांनी हत्ती जंगलातून निघतो ते पान उघडलं. पुस्तकात तो सशाला बोलावणं करायला निघालेला असतो.

"पास्कल, हत्ती कुठे चालला आहे?"

"हत्ती माती आणायला चालला आहे, बाई."

मोठ्या बाईंनी पुस्तकात बघितलं. "माती?"

"हो. वाटेत त्याला कुंभार भेटणार आहे. सोनू आधीच निघाली आहे."

त्यांनी पान उलटलं. ससा निघाला. पास्कू पुढे झुकला, पानाच्या शिवणीकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या पुस्तकातली पानं पडली आहेत. आमच्या बाकडे द्या. तो जाळ्याच्या दोऱ्याने शिवून देईल."

मोठ्या बाईंनी पुस्तक मिटलं आणि पेन खाली ठेवलं. "कोणीतरी पाठ करून घेतलं आहे," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आणि तेही चुकीचं. पाठांतर म्हणजे भाषा नव्हे, रेजिना."

मला नववीचा वर्ग माहीत होता. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो. मी दारात उभी राहून तो डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते आणि डोळ्यांसमोर दुसरी दोरी येत होती, तिसरी दोरी येत होती.

मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या चित्रावर पट्टी ठेवली. तेच एप्रिलमधलं चित्र, विहिरीवरची बाई. हे आमच्या पुस्तकात नव्हतं. याची तयारी मी करून घेतली नव्हती.

"तू सांग, फिलोमिना. ही बाई काय करते?"

फिलू बघत राहिली. बाहेर आयच्या बांगड्या वाजल्या. मोठ्या बाईंनी पट्टी खाली घेतली.

"बाई पाणी भरते," फिलू म्हणाली.

"बरं."

मोठ्या बाईंना वाटलं झालं. फिलूचं झालं नव्हतं. "माठ नवीन आहे. तो कुंभाराने दिला आहे. दोरी बारीक आहे, पण तुटणार नाही, कारण तिला गाठ मारलेली आहे. पाणी तिच्यासाठी नाही. हत्ती बाहेर उभा आहे. तो मोठा आहे, म्हणून चित्रात मावला नाही."

मोठ्या बाईंनी दाराकडे बघितलं. त्यांनाच आपलं नवल वाटलं असावं, त्यांनी लगेच मान वळवली. "आणि नंतर?"

"नंतर सगळे जेवतील. मग झोपतील. उद्या पुन्हा निघतील."

"कुठे?"

"कामाला, बाई."

मोठ्या बाईंनी दोन्ही अर्जांवर सही केली. मग आय आणि बाला आत बोलावलं आणि बाला विचारलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

बाने शर्टाची बाही खाली ओढली. "चित्रं मी लावली. बोलायला हिने शिकवलं." मग जरा थांबून म्हणाला, "मलापण."

"कुठलं पुस्तक? नाव काय त्याचं?"

"नाव," बा म्हणाला आणि विचारात पडला, "अजून ठेवलं नाय."

त्या जूनमध्ये पास्कू आणि फिलू पहिलीत गेली आणि मी नववीत गेले. मनोरा खिडकीतून दिसतो तसाच दिसत होता.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा पाण्यात जातात. त्याआधी त्या रंगवतात, रंगारी नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव घालतो आणि नावाखाली नंबर, आणि मग फादर येऊन पवित्र पाणी शिंपडतात. नाव आणि नंबर नसेल तर आमच्या बंदरात होडीला होडी म्हणत नाहीत. बाच्या होडीचं काम संपलं तेव्हा रंगाऱ्याच्या डब्यात थोडा लाल रंग उरला होता. बा घरी आला, पुस्तक काखेत घातलं आणि रंगाऱ्याकडे परत गेला. संध्याकाळी त्याने ते वाळायला दोरीवर अडकवलं. ताडपत्रीवर लाल अक्षरात, पांढरी कड देऊन, होडीवर काढतात तसंच, माझं नाव होतं: रेजिना. आणि त्याखाली ९.

बाला अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते.

"नऊ कशाचा?" आयने विचारलं.

"नंबर हाय तिचा," बा म्हणाला.

फादर होड्यांवर पाणी शिंपडत आमच्या होडीशी आले, तेव्हा बाने पुस्तकही पुढे धरलं. फादरनी त्याच्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, आणि दोन थेंब त्यावरही शिंपडले. ते डाग अजून आहेत.

पुस्तक आता माझ्या कपाटात आहे. शिवण एका जागीही सैल झालेली नाही. शेजारच्या मुलीला मी ते उद्या दाखवणार आहे, आणि तिच्या आईने खाली ओळी का नाहीत असं विचारलं तर मी सांगणार आहे, की त्या साफ करताना गेल्या.

पुढे मी बी.ए. झाले. निकालाचा कागद घेऊन घरी आले तेव्हा बा दारात जाळं विणत होता आणि पुस्तक त्याच्या डोक्यावर खिळ्याला लटकत होतं. मी म्हटलं, "बा, आता तो नंबर बदलून घे. नऊ कधीच मागे गेले. पंधरावी झाली."

बाने सुई न थांबवता वर बघितलं. "नंबर बंदरात लागते," तो म्हणाला. "मंग होडी कवरी पन लांब जाऊ दे, तो बदलत नाय. जेवलीस का?"

मी जेवले. मग झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, नोकरीच्या मुलाखतीला.